सीलिॲक रोगाची आनुवंशिकता

सीलिॲक रोग हा गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनसमूहामुळे होणारा लहान आतड्याचा दीर्घकालीन आजार असून, तो केवळ आनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तींनाच होतो. यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा ग्लूटेनच्या अंशांना शत्रू समजते आणि त्या लढ्यात आतड्याच्या स्वतःच्या अस्तराचा नाश करते. त्यामुळे या आजाराची गणना स्वयंप्रतिकारक आजारांत होते. गव्हाची ॲलर्जी ही याहून वेगळी बाब आहे. दोन्हींचे कारण गहू असले तरी त्यांमागील यंत्रणा भिन्न आहेत. जगाच्या लोकसंख्येत या आजाराचे प्रमाण सुमारे एक टक्का मानले जाते, परंतु त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचे निदान झालेलेच नसते.

वैद्यकाच्या अभ्यासकांना या आजाराचे विशेष आकर्षण वाटण्याचे कारण निराळे आहे. बहुतेक स्वयंप्रतिकारक आजारांत रोग नेमका कशाने चेतवला जातो हे कळत नाही. येथे मात्र चेतवणारा बाह्य घटक (ग्लूटेन), त्याला प्रतिसाद घडवणारी मुख्य जनुके (एचएलए-डीक्यू) आणि ज्यावर प्रतिपिंडे उलटतात ते शरीरातील प्रथिन (टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज) या तिन्ही गोष्टी माहीत आहेत. शिवाय बाह्य घटक काढून घेतला की आजार ओसरतो, आणि तो पुन्हा दिला की उलटतो.

इतिहास

‘सीलिॲक’ हा शब्द पोट वा पोकळी या अर्थाच्या ‘कोइलिया’ या ग्रीक शब्दावरून आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला कॅपाडोशियाचा वैद्य ॲरिटियस याने न पचलेले अन्न शौचावाटे जाणाऱ्या, झिजत चाललेल्या रुग्णांचे वर्णन केले होते. आधुनिक काळातील पहिले नेमके वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८७ साली एका व्याख्यानात केले. रुग्ण बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते; आहारातील नेमके काय टाळायचे, हे मात्र त्यांना उमगले नव्हते.

ते उत्तर नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण दुष्काळ पडला आणि पाव दुर्मीळ झाला. सर्वत्र उपासमार असताना सीलिॲकग्रस्त मुलांची प्रकृती मात्र सुधारली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. गव्हाविषयीचा संशय डिके यांना १९३०च्या दशकातच आला होता आणि युद्धकाळातील अनुभवाने तो बळावला. नियंत्रित आहार देऊन, मुलांचे वजन आणि मलातील स्निग्धांश मोजून त्यांनी तो तपासला व १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. पुढे फान दे कामेर आणि वायर्स या सहकाऱ्यांसह त्यांनी दोष गव्हातील ग्लूटेनचा असल्याचे दाखवले. १९५०च्या दशकात तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा तपासण्याची सोय झाली, तेव्हा या रुग्णांच्या आतड्याचे अस्तर सपाट झालेले असते हे प्रत्यक्ष पाहता आले.

आजार कुटुंबात चालतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आधीपासून येत होते. १९७२ साली त्याचा एचएलए-बी८ या ऊतिप्रकाराशी संबंध आढळला आणि जनुकीय शोधाला दिशा मिळाली. बी८ हा खरा दोषी नव्हता, तर दोषी जनुकाचा शेजारी होता. खऱ्या जनुकापर्यंत पोहोचण्यास आणखी सतरा वर्षे लागली. १९८९ साली ऑस्लो येथील लुडविग सोलिड आणि सहकाऱ्यांनी आजाराचा मूळ संबंध एका विशिष्ट एचएलए-डीक्यू रेणूशी असल्याचे दाखवले.

कौटुंबिक पुरावे

रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार आढळण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट, म्हणजे साधारणपणे सात ते दहा टक्के असते. एकबीज जुळ्यांपैकी एकाला आजार असल्यास दुसऱ्यालाही तो असण्याची शक्यता इटलीतील अभ्यासांत ७५ टक्क्यांहून अधिक आढळली; द्विबीज जुळ्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. स्वयंप्रतिकारक आजारांत इतका ठळक आनुवंशिक वाटा क्वचितच दिसतो. असे असूनही हा आजार एखाद्या एकाच जनुकाच्या बिघाडाने, ठरावीक गणिताने पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा नाही. अनेक जनुकांचा लहानमोठा हातभार आणि परिस्थितीची साथ, अशा दोहोंच्या मेळातून तो उद्भवतो.

एचएलए-डीक्यू जनुके

एचएलए जनुकांचा समूह सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असतो. या जनुकांपासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर तबकासारखी उभी असतात. पेशीने गिळलेल्या प्रथिनांचे तुकडे या तबकात ठेवून टी-पेशींना दाखवले जातात आणि ‘हे आपले की परके’ याचा निवाडा टी-पेशी करतात. कोणत्या तबकात कोणता तुकडा नीट बसेल, हे तबकाच्या घडणीवर अवलंबून असते. आणि ही घडण माणसागणिक वेगळी असते.

डीक्यू रेणू अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा बनतो. अल्फा साखळीची माहिती डीक्यूए१ या जनुकात, तर बीटा साखळीची माहिती डीक्यूबी१ या जनुकात असते. सीलिॲकच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत डीक्यू२.५ हा रेणू आढळतो. तो डीक्यूए१*०५ आणि डीक्यूबी१*०२ या रूपांच्या जोडीतून तयार होतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत डीक्यू८ असतो, तर थोड्यांमध्ये डीक्यू२.२ किंवा डीक्यू२.५ची अर्धीच जोडी असते. या सर्वांच्या बाहेरचा रुग्ण अत्यंत विरळा.

डीक्यू२.५ची जोडी दोन मार्गांनी जुळू शकते. काहींच्या बाबतीत दोन्ही साखळ्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. त्यांचा वारसा आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून एकगठ्ठा मिळतो. डीआर३ या हॅप्लोटाइपमध्ये असे घडते. इतर काहींना अल्फाचे जनुक एका पालकाकडून आणि बीटाचे दुसऱ्याकडून मिळते, आणि तयार प्रथिने पेशीत एकत्र येऊन तोच रेणू घडवतात. डीआर५ व डीआर७ हे हॅप्लोटाइप एकाच व्यक्तीत आले तर असे होते. याचा अर्थ असा, की आई आणि वडील या दोघांपैकी एकाकडेही डीक्यू२.५ नसताना त्यांच्या अपत्याकडे तो असू शकतो. ‘आमच्या दोन्हीं घराण्यांत हा आजार नाही, मग मुलाला कुठून आला’ या पालकांच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडते.

मात्रेचाही परिणाम होतो. दोन्ही पालकांकडून डीक्यू२.५ मिळालेल्या व्यक्तीत आजाराचा धोका एकच प्रत असलेल्या व्यक्तीच्या तुलनेत बराच जास्त असतो, कारण तिच्या पेशींवर हा रेणू अधिक संख्येने असतो आणि ग्लूटेनचे तुकडे टी-पेशींपुढे अधिक प्रमाणात मांडले जातात.

डीआर३ सोबत कोणते शेजारी जनुक येते, हे लोकसमूहानुसार बदलते. युरोपीय रुग्णांत ए१-बी८-डीआर३ हा क्रम प्रचलित आहे, तर उत्तर भारतीय रुग्णांत ए२६-बी८-डीआर३ हा क्रम विशेषत्वाने आढळतो. शेजार बदलला तरी डीक्यू२.५ तोच राहतो. मूळ संबंध याच रेणूशी असल्याचा हा आणखी एक पुरावा म्हणता येईल.

ग्लूटेन आणि प्रतिकार यंत्रणेची चूक

ग्लूटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामीन या ॲमिनो आम्लांचे प्रमाण फार असते. कणकेला लवचिकपणा येतो तो या प्रथिनांमुळे. पण मानवी पाचक विकरांना प्रोलीनने भरलेली साखळी नीट तोडता येत नाही. २००२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील चैतन खोसला यांच्या गटाने ग्लायडिनमधील ३३ ॲमिनो आम्लांचा एक तुकडा जठर व आतड्यातील विकरांना दाद न देता शाबूत राहतो हे दाखवले. खोसला हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी आहेत.

असे न पचलेले तुकडे निरोगी माणसाच्याही आतड्यात असतात. त्याला काही होत नाही. डीक्यू२.५ आणि डीक्यू८ या रेणूंच्या तबकांतील ठरावीक खाचांना ऋण भार असलेली ॲमिनो आम्ले चांगली बसतात. ग्लूटेनमधील ग्लुटामीनवर असा भार नसतो. तो आणून देण्याचे काम टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीरातीलच विकर करते. एरवी जखमी ऊतींची डागडुजी करणारे हे विकर ग्लुटामीनचे रूपांतर ग्लुटामिक आम्लात करते, आणि मग तो तुकडा तबकात घट्ट बसतो. १९९७ साली जर्मनीत डेटलेफ शुप्पान यांच्या गटाने रुग्णांची प्रतिपिंडे याच विकराविरुद्ध असतात हे शोधले. आजच्या रक्तचाचणीचा पाया तो शोध आहे.

येथे एक कोडे उरते. परके प्रथिन ग्लूटेन आहे, मग प्रतिपिंडे शरीराच्या विकराविरुद्ध का? सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असे: ट्रान्सग्लुटामिनेज काम करताना ग्लूटेनच्या तुकड्याला चिकटते. विकराला ओळखणारी बी-पेशी ही जोडी एकत्रच गिळते आणि त्यातील ग्लूटेनचा तुकडा आपल्या डीक्यू तबकात ठेवून दाखवते. ग्लूटेनविरोधी टी-पेशी तो पाहून बी-पेशीला मदत करते, आणि बी-पेशी मात्र विकराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. आहारातून ग्लूटेन गेले की टी-पेशीची मदत थांबते व प्रतिपिंडांची पातळीही उतरते, हे निरीक्षण या स्पष्टीकरणाशी जुळते.

नियमन कोठे ढळते

आतड्याच्या प्रतिकार यंत्रणेसमोर रोजचा पेच असतो. तिने जंतूंना अडवायचे आहे, पण ताटात येणाऱ्या शेकडो परक्या प्रथिनांकडे दुर्लक्षही करायचे आहे. या दुर्लक्षाला अन्नाविषयीची सहिष्णुता म्हणतात, आणि ती राखण्याचे काम मुख्यतः नियामक टी-पेशी करतात. या पेशी आक्रमक टी-पेशींना आवरून धरतात.

सीलिॲक रोगात हा समतोल बिघडण्यामागे इंटरल्युकिन-१५ या संदेशवाहक प्रथिनाचा मोठा वाटा आहे. ताणाखाली असलेल्या आतड्याच्या पेशी ते अधिक प्रमाणात सोडतात. त्याच्या प्रभावाखाली आक्रमक टी-पेशी नियामक पेशींना जुमानेनाशा होतात. रुग्णांच्या आतड्यात नियामक पेशी कमी नसतात, उलट त्यांची संख्या वाढलेलीच दिसते. पण त्यांचा अंमल चालत नाही. दुसरीकडे, ग्लूटेन ओळखणाऱ्या सीडी४ टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-२१ सोडून दाह वाढवतात.

प्रत्यक्ष इजा करणाऱ्या पेशी मात्र वेगळ्याच असतात. आतड्याच्या अभिस्तरात पहारेकऱ्यांसारख्या बसलेल्या सीडी८ लसिकापेशींवर इंटरल्युकिन-१५मुळे एनकेजी२डी हा ग्राही वाढतो. ताणग्रस्त अभिस्तर पेशींवर उमटणाऱ्या खुणा तो ओळखतो, आणि मग या लसिकापेशी ग्लूटेनची ओळख न पटवताही अभिस्तर पेशींना मारू लागतात. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. लोह, कॅल्शियम, फोलेट यांचे शोषण घटते. पंडुरोग, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची फळे.

केवळ ग्लूटेनविरोधी टी-पेशी पुरत नाहीत, याचा प्रायोगिक पुरावा २०२० साली शिकागो येथील बाना जाब्री यांच्या गटाने दिला. त्यांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांत मानवी डीक्यू८ होते आणि आतड्यात इंटरल्युकिन-१५ जास्त होते. ग्लूटेन खाऊ घातल्यावर त्यांचे अंकुर झिजले. जनुक, संदेशवाहक आणि अन्न या तिन्हींपैकी एक वगळले तर तसे झाले नाही.

एचएलएबाहेरील जनुके

आनुवंशिक धोक्यातील सुमारे ४० टक्के वाटा एचएलए समूहाचा असल्याचे अंदाज आहेत. उर्वरित जनुकांचा शोध संपूर्ण जनुकसंचाची चाळणी करणाऱ्या अभ्यासांनी घेतला. २००७ साली डेव्हिड व्हॅन हील आणि सहकाऱ्यांना चौथ्या गुणसूत्रावर इंटरल्युकिन-२ व २१ यांच्या जनुकांचा प्रदेश सापडला. २०११ सालच्या मोठ्या अभ्यासानंतर एचएलएबाहेरील अशा प्रदेशांची संख्या ३९ झाली. प्रत्येकाचा परिणाम अल्प आहे. त्यांची यादी पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: त्यांत पचनाची जनुके जवळजवळ नाहीत, प्रतिकार यंत्रणेची मात्र भरपूर आहेत. सीटीएलए४, पीटीपीएन२ आणि टीएनएफएआयपी३ ही टी-पेशींना किंवा दाहाला लगाम घालणारी जनुके; आरईएल हे दाहाच्या संदेशवहनातील; थेमिस हे थायमस ग्रंथीत टी-पेशींच्या जडणघडणीशी निगडित. आजार आतड्याचा असला तरी त्याचे आनुवंशिक मूळ प्रतिकार यंत्रणेच्या नियमनात आहे, हे यावरून स्पष्ट होते.

यांतील बहुतेक बदल प्रथिनाच्या रचनेत नसून, जनुक कधी व किती चालू राहावे हे ठरवणाऱ्या भागांत आहेत. आयएल१८आरएपी या जनुकाजवळील ‘एलएनसी१३’ हा आरएनए त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यापासून प्रथिन बनत नाही. दाहकारक जनुकांना गप्प ठेवणे हे त्याचे काम. रुग्णांच्या आतड्यात तो कमी आढळतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

टाइप-१ मधुमेहाशी असलेले नाते विशेष लक्षणीय आहे. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही आजारांत धोका वाढवतात, आणि २००८ सालच्या एका अभ्यासात एचएलएबाहेरील सात प्रदेशही सामाईक आढळले. परंतु आयएल१८आरएपी आणि टीएजीएपी येथील जे रूप सीलिॲकचा धोका वाढवते, तेच मधुमेहापासून संरक्षण देते. तेव्हा ‘वाईट जनुक’ असा सरसकट शब्दप्रयोग येथे फसवा ठरतो. एसएच२बी३ या जनुकाचे सीलिॲकला पोषक रूप तर जिवाणूसंसर्गाविरुद्ध प्रतिसाद वाढवते आणि युरोपीय लोकांत गेल्या दोनएक हजार वर्षांत नैसर्गिक निवडीने पसरले असावे, असा निष्कर्ष २०१० साली मांडण्यात आला.

जनुक आणि परिस्थिती : भारतातील निरीक्षणे

युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ३० ते ४० टक्के व्यक्तींकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ असतो. त्यांच्यापैकी जेमतेम तीन टक्क्यांना आजार होतो. मग उरलेल्यांना तो का होत नाही? या प्रश्नावर भारतातील एका पाहणीने चांगला प्रकाश टाकला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील २३,३३१ प्रौढांची तपासणी झाली. सीलिॲकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत केवळ ०.१० टक्के लोकांत आढळली. डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांचे प्रमाण मात्र तिन्ही भागांत फारसे वेगळे नव्हते: अनुक्रमे ३८.१, ३१.४ आणि ३६.४ टक्के. मोठा फरक होता तो गव्हाच्या सेवनात. उत्तरेत ते दररोज सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होते.

उत्तर आणि दक्षिण यांची तुलना केली तर आहार हेच उत्तर वाटते. पण ईशान्य भारत हे सोपे उत्तर मान्य करू देत नाही: तेथे गव्हाचे सेवन दक्षिणेइतकेच अल्प, तरीही प्रतिपिंडांचे प्रमाण आठपटींहून अधिक. एचएलएबाहेरील जनुके, संसर्ग, आतड्यातील जिवाणूसृष्टी यांपैकी कशाचा तरी तेथे हात असावा. विषाणूंविषयी काही पुरावा उपलब्ध आहे. एरवी निरुपद्रवी असलेला रीओव्हायरस उंदरांत ग्लूटेनविषयीची सहिष्णुता मोडू शकतो, असे २०१७ साली दिसून आले.

स्वीडनमध्ये १९८४ ते १९९६ या काळात दोन वर्षांखालील मुलांत या आजाराची जणू साथच आली आणि नंतर ओसरली. जनुके बारा वर्षांत बदलत नाहीत. तेव्हा तान्ह्या मुलांच्या आहारातील बदलांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर ग्लूटेन कोणत्या महिन्यात सुरू करावे याची चर्चा बरीच झाली. २०१४ सालच्या दोन नियंत्रित चाचण्यांत मात्र ग्लूटेन लवकर वा उशिरा सुरू केल्याने आजार टळत नाही असे आढळले.

जनुकीय चाचणीचा अर्थ

एचएलए चाचणीचा सर्वाधिक गैरसमज होतो तो तिच्या ‘पॉझिटिव्ह’ निकालाबाबत. डीक्यू२ असणे म्हणजे आजार असणे नव्हे; असा निकाल आलेल्या बहुतेक व्यक्ती आयुष्यभर गव्हाची पोळी खाऊन ठणठणीत राहतात. केवळ या निकालावरून वाढत्या मुलाचा गहू बंद करणे अशास्त्रीय आहे. चाचणीचे खरे मोल नकारात्मक निकालात आहे: दोन्ही रेणू नसतील तर सीलिॲक रोग जवळजवळ निश्चितपणे वगळता येतो. रुग्णाच्या भावंडांना पुनःपुन्हा तपासण्या कराव्या लागू नयेत, किंवा आधीच गहू सोडलेल्या व्यक्तीबाबत निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा ती उपयोगी पडते.

निदान मात्र ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि आतड्याची बायोप्सी यांवर अवलंबून असते. सोबत एकूण आयजीएची पातळीही पाहावी लागते, कारण ज्यांच्यात आयजीएचीच कमतरता असते अशांत चाचणी खोटा दिलासा देते; आणि ही कमतरता सीलिॲक रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळते. तपासणीपूर्वीच ग्लूटेन बंद केल्यास प्रतिपिंडे उतरतात, अंकुर सुधारू लागतात आणि निदान हातचे निसटते.

आहार आणि संशोधनाधीन उपचार

आजन्म ग्लूटेनविरहित आहार हा प्रस्थापित उपचार आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा आणि मका यांत ग्लूटेन नसते, त्यामुळे महाराष्ट्रातील पारंपरिक भाकरीचा आहार रुग्णाला सोयीचा पडतो. अडचण येते ती लपलेल्या गव्हाची. रवा आणि शेवया गव्हाच्या असतात हे सर्वांना ठाऊक असते. बाजारातील मिश्र हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते, थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात गहू असतो, आणि गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत त्याचा अंश उतरतो, हे मात्र सहज ध्यानात येत नाही. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसारही किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेल्या पदार्थालाच ‘ग्लूटेनविरहित’ म्हणता येते.

जनुके बदलता येत नसल्याने औषधांचा शोध त्यांच्या पुढच्या पायऱ्यांवर केंद्रित झाला आहे. टी-पेशींना ग्लूटेनची पुन्हा सवय लावू पाहणाऱ्या नेक्सव्हॅक्स२ या लसवजा इंजेक्शनच्या चाचण्या परिणाम न दिसल्याने २०१९ साली थांबवण्यात आल्या. ट्रान्सग्लुटामिनेजला अडवणाऱ्या झेडईडी१२२७ या औषधाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वयंसेवक रुग्णांना सहा आठवडे रोज तीन ग्रॅम ग्लूटेन देण्यात आले. औषध घेणाऱ्यांच्या आतड्याची झीज बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाली.